दादा उपचाराला, खंड्या माझ्याकडे: व्यसनमुक्तीच्या दिवसांत घरच्या जनावराची सोय कशी लावायची

बॅग भरून झाली होती, रिक्षा खाली थांबली होती. दादानं चपला घातल्या, पुन्हा काढल्या आणि म्हणाला, “खंड्याला कोण बघणार?”

त्या एका प्रश्नात आमचे दोन महिने गेले होते. आधी गणपती आडवे आले, मग खंड्या, मग दिवाळी, मग परत खंड्या. वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेलेली. घरात उरले दादा आणि हा सात वर्षांचा तांबडा गावठी कुत्रा. मला त्या प्रश्नाचा संताप यायचा, कारण तो बहाणा आहे हे मला दिसत होतं. बहाणा होताच. पण प्रश्न खोटा नव्हता. दाराला कुलूप घालून दादाला नेलं असतं तर खंड्याला खरंच कोण बघणार होतं? त्या दिवशी माझ्याकडे उत्तर कागदावर लिहून तयार होतं. दादानं तो कागद दोनदा वाचला, पेन मागून एक ओळ घातली, “दूध नको, जुलाब होतात”, आणि जिना उतरला.

असा कागद कसा तयार करायचा, जनावर कुठं ठेवायचं, मधल्या दिवसांत काय बिघडतं आणि माणूस परतल्यावर काय करायचं, ते इथं लिहितेय. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. दादाच्या वेळी जे केलं, जे चुकलं, आणि नंतर व्यसनी माणसांच्या नातेवाइकांच्या गटात भेटलेल्या चार-पाच घरांसोबत धावपळ करताना जे कळलं, तेवढंच.

आधी दिवस मोजा

“थोडे दिवस ठेवशील का?” असं कुणालाही विचारू नका. समोरचा मनात आठवडा धरतो आणि दहाव्या दिवसापासून तोंड वाकडं होतं. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये राहून घ्यायचे उपचार ३५ दिवसांचे असतात. काही केंद्रांत तीन महिनेही ठेवतात. केंद्राला नेमका आकडा विचारा आणि त्यात आणखी पंधरा दिवस घाला. ते पंधरा दिवस कशासाठी, ते पुढं येईलच. केंद्र अजून ठरलं नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

“मग मी घरीच बंद करतो, कुत्र्याला सोडून जायला नको,” हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दारू सोडणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. बंद घरात असा माणूस आणि घाबरलेला कुत्रा दोघंच, हे दोघांच्याही दृष्टीनं वाईट. दाखल व्हायचं की बाह्यरुग्ण म्हणून उपचार चालतील, हे मनोविकारतज्ज्ञांना ठरवू द्या, कुत्र्याला नको.

कुणाकडे ठेवायचं

सगळ्यांत चांगलं म्हणजे जनावराला आधीपासून ओळखणारं माणूस. त्याला कुत्र्यांची आवड आहे का, हे दुसऱ्या नंबरचं. आमच्या गटातल्या एका घरात कुत्रा शेवटी इस्त्रीवाल्या काकांकडे राहिला, कारण रोज सकाळी तो त्यांच्याच टपरीखाली झोपायचा. प्राणिप्रेमी मामेभावाकडे ठेवला होता तर त्यानं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

ओळखीचं कुणी नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे जनावर घरातच ठेवून कुणीतरी तिथं राहायला जाणं. शिकायला आलेला भाचा-पुतण्या यासाठी उत्तम. दोन वेळा येऊन जेवण ठेवणं मांजराला पुरतं, कुत्र्याला नाही.

तिसरा मार्ग पैसे देऊन ठेवण्याचा. शहरात आता घरगुती बोर्डिंग करणारे बरेच आहेत. दिवसाला ६०० रुपये धरले तरी ३५ दिवसांचे २१,००० होतात, आणि त्याच महिन्यात केंद्राची फी भरायची असते. हिशेब आधी करा. पैसे भरण्यापूर्वी जागा पाहा, आणि पाहताना रात्रीचं विचारा: कुत्रा झोपतो कुठं, रात्री तिथं माणूस असतं का, कुंपण किती उंच आहे, इतर कुत्र्यांसोबत मोकळा सोडतात का. त्यांनी तुमच्याकडे लसीकरणाचं पुस्तक मागितलंच नाही, तर तिथून निघा. ज्यांनी तुमचं पाहिलं नाही त्यांनी इतरांचंही पाहिलेलं नसतं.

इथं मी चुकले. ऑफिसात ऑडिट होतं म्हणून पहिले दहा दिवस खंड्याला बोर्डिंगमध्ये ठेवला. जागा फोनवर पसंत केली होती. नवव्या दिवशी त्यांचा मेसेज आला, “खात नाहीये, मालकाची आठवण येत असेल.” मी जाऊन पाहिलं तर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड, हिरड्या पांढुरक्या, अंग तापलेलं. गोचीडताप निघाला. आठवणीनं कुत्रा एखादा दिवस कमी खातो. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर, हे तेव्हापासून माझ्या कागदावर पहिल्या ओळीत आहे.

प्राणिसंस्थांच्या दारात नेऊन सोडण्याचा विचार करू नका. त्यांच्याकडे अपघातात सापडलेली, पोट पाठीला लागलेली भटकी जनावरं आधीच खच्चून असतात, आणि जनावर सोपवल्याच्या कागदावर सही केली तर ते परत मिळेलच असं नाही. लांब नेऊन रस्त्यावर सोडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. त्यातला पहिल्या वेळेचा दंड मात्र अजून १० ते ५० रुपये.

तुमच्या सोसायटीत कुत्रा नवीन येणार असेल तर सेक्रेटरींना दोन दिवस आधी सांगा. पशु कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव जनावरांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण पस्तीस दिवसांसाठी नियमांची पानं फडफडवण्यापेक्षा “भावाचा कुत्रा आहे, भाऊ उपचारासाठी बाहेर आहे” एवढं सांगितलेलं लवकर कामाला येतं. कसले उपचार, हे कुणालाही सांगायला तुम्ही बांधील नाही. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि ड्रग्जच्या व्यसनालाही लागू होतो, आणि उपचारांबाबत गुप्तता हा त्यात रुग्णाचा हक्क आहे. बोर्डिंगवाल्याला तर तेवढंही सांगायची गरज नाही.

एक पानी कागद

हा कागद मालकाच्या तोंडून लिहून घ्या, तुमच्या आठवणीतून नको. दादाला तारखा आठवत नव्हत्या, वीजबिल भरलंय की नाही ते आठवत नव्हतं, पण खंड्याची डावी मागची तंगडी थंडीत दुखते हे त्यानं न विचारता सांगितलं.

कागदावर एवढं हवं:

- काय खातो, किती, किती वाजता. “पोळी-भात” नको, “दोन पोळ्या, वाटीभर भात, उकडलेलं चिकन, मीठ नाही” असं.
- फिरायला कुठं नेतात, कुठल्या कुत्र्याशी वैर आहे, कशाला घाबरतो. फटाके, हेल्मेट घातलेला माणूस, काठी.
- कुठं हात लावू दिलेला चालत नाही.
- चालू औषधं, जुने आजार, शेवटची लस आणि जंताचं औषध कधी दिलं.
- डॉक्टरांचा नंबर, आणि ते नसतील तर दुसरा.
- बोलीभाषा. खंड्याला “बस” कळत नाही, “टेक” कळतं.

शेवटच्या ओळीला हसू नका. परक्या घरात कुत्र्याला ओळखीचा असतो तो तेवढा एक शब्द.

त्याच पानाच्या मागं संमतिपत्र. माझ्या गैरहजेरीत अमुक व्यक्ती या जनावराची काळजी घेईल, इतक्या रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करता येईल, त्यापुढं अमुकला विचारावं, तातडीच्या शस्त्रक्रियेला माझी संमती आहे. म्हाताऱ्या किंवा आजारी जनावराबाबत आणखी एक वाक्य हवं: वेदना थांबण्यासारख्या नसतील तर शेवटचा निर्णय कोण घेईल. ते विचारताना जीभ जड होते. तरी विचारा, कारण पहिले काही दिवस केंद्रात बहुधा फोन मिळत नाही आणि डॉक्टर टेबलापाशी थांबून राहू शकत नाहीत.

सही माणूस शुद्धीत असताना घ्या. सकाळी हात थरथरतो, सही वाकडी येते, चालेल. संध्याकाळची सरळ सही मला नको होती. पुण्यात असाल तर महापालिकेच्या श्वान परवान्याची प्रत आणि लसीकरणाचं पुस्तक याच पाकिटात घाला.

आणि पैसे. “खंड्याच्या इंजेक्शनला दोन हजार दे,” असं म्हणून दादानं माझ्याकडून वर्षभरात किमान चार वेळा पैसे नेले होते. लसीकरणाच्या पुस्तकात त्या वर्षीची एकही नोंद नव्हती. जनावराच्या नावानं मागितलेले पैसे जनावराच्या डॉक्टरांना थेट द्या. उपचारांआधीही, आणि नंतरचे सहा महिनेही.

डॉक्टरांकडे एक फेरी

भरतीच्या आधी दोन आठवडे हातात असतील तर लगेच जा. रेबीजची लस आणि कुत्र्यांची ती नेहमीची ‘नाइन इन वन’ राहिली असेल तर घ्या, जंताचं औषध द्या, गोचिडीवरची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध लावून घ्या. लसीचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून आज लस आणि उद्या दहा कुत्र्यांमध्ये, हे करू नका. बहुतेक घरांत मात्र दोन आठवडे मिळत नाहीत. माणूस एका रात्री “चला, जातो” म्हणतो आणि सकाळपर्यंत ते मत टिकेल याची खात्री नसते. तेव्हा माणसाला आधी न्या. लस न झालेलं जनावर दुसरी जनावरं नसलेल्या घरात ठेवा आणि डॉक्टरांची फेरी दुसऱ्या दिवशी मारा.

सांभाळणाऱ्याला चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. घरचा कुत्रा आहे म्हणून टाळायचं नाही.

घर झाडून घ्या, गुडघ्यांवर बसून

हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर. पिणाऱ्या माणसाच्या घरात लपवलेल्या जागा असतात. घरच्यांना त्यातल्या निम्म्या माहीत असतात, कुत्र्याला सगळ्या. जनावर त्याच घरात राहणार असेल तर माणूस गेल्याच्या दिवशीच घर त्याच्या उंचीवरून तपासा. पलंगाखाली, कपाटाच्या मागं, बुटांत, कुंडीत, फ्लशच्या टाकीत, कुत्र्याच्याच गादीखाली. शेवटची जागा गंमत म्हणून लिहिलेली नाही. खंड्याच्या गोणपाटाखाली क्वार्टर सापडली, झाकण चावलेली.

दारू कुत्र्या-मांजरांना थोडीही बाधते. गांजा खाल्लेला कुत्रा झोकांड्या देतो, अंग गार पडतं, लघवी टपकत राहते. तंबाखू आणि गुटख्यातलं निकोटिन विषारी आहे, आणि पुडीचा वास गोड असतो. झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांची अर्धी पट्टी उशीच्या अभ्र्यात असते. माणसाची साधी पॅरासिटामॉल मांजराला एकसुद्धा मारू शकते. असं काही पोटात गेल्याची शंका आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका, त्यानं आणखी बिघडतं. पाकीट किंवा पट्टी हातात घ्या आणि डॉक्टर गाठा. काय खाल्लं हे लाजेखातर लपवू नका. “गांजा असावा” म्हटल्यावर पशुवैद्य पोलिसांना फोन करत नाहीत, सलाइन लावतात.

पहिले आठ दिवस

खंड्या माझ्याकडे आल्यावर संध्याकाळचं जेवण सोडायचा. मला वाटलं तापातून उठलाय म्हणून. मग रात्री साडेअकराला तो दाराशी जाऊन बसला, कान टवकारून, आणि तासभर तिथंच. दादाचा बार अकराला बंद व्हायचा.

अशा घरातल्या कुत्र्याचं सगळं वेळापत्रक पिण्याभोवती बांधलेलं असतं. जेवण रात्री बाराला, आणि तेही चखण्यातलं: फरसाण, खारे शेंगदाणे, तंदुरीची हाडं, चिवडा. चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात, कांदाही त्याला चालत नाही, आणि शिजलेली हाडं आतड्यात रुततात. हे वर्षानुवर्षं पचवलेला कुत्रा तुमच्या साध्या भाताकडे पाठ फिरवतो. म्हणून एकदम बदल करू नका. कागदावर लिहिलेलंच जेवण, पण वेळ रोज अर्ध्या तासानं अलीकडे. अन्न बदलायचं तर आठवडाभर जुन्यात नवं मिसळत. आम्ही बाराचं जेवण नऊवर आणलं तेव्हा सहा दिवस गेले.

पहिल्या दिवसांत पट्टा सोडू नका, मोकळ्या मैदानातही नाही. नव्या घरातून सुटलेला कुत्रा जुन्या घराकडे धावतो, आणि मधे कात्रज-देहूरोड बायपास असू शकतो. गळ्यात तुमचा फोन नंबर लिहिलेला बिल्ला घाला. मालकाचा नंबर तिथं कामाचा नाही, तो फोन केंद्राच्या कपाटात बंद आहे.

कुणाचा आवाज चढला, बाटलीचं झाकण फिरलं, हात वर गेला की कुत्रा दबकून कोपऱ्यात जातो का, ते पाहा. खंड्या जात नव्हता. तुमच्याकडचा जात असेल तर ते समुपदेशकांना सांगायची गोष्ट आहे. त्याबद्दल पुढं.

एक काम माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दादा रात्री परतताना पानटपरीजवळच्या चार भटक्या कुत्र्यांना बिस्किटं घालायचा. हे मला टपरीवाल्यानं सांगितलं. पस्तीस दिवसांची बिस्किटं त्याच्याकडेच ठेवून आले. मोठा खर्च नव्हता, आणि दादानं पहिल्या भेटीत विचारलेला दुसरा प्रश्न तोच होता.

केंद्रात काय कळवायचं

साधारण दुसऱ्या आठवड्यात निरोप येतो: “खंड्या आजारी असेल, मला वाटतंय. दोन दिवस घरी येऊन बघून जातो.” शरीर जरा सावरलेलं असतं आणि मन दार शोधत असतं. जनावर हे सगळ्यांत जवळचं दार. भांडू नका, भाषण देऊ नका. खंड्याचा फोटो समुपदेशकांच्या हाती द्या, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासोबत काढलेला. खंडणीच्या सिनेमातला वाटतो खरा, पण दादाची शंका तिथंच संपली. आठवड्यातून एक फोटो आणि चार ओळी पुरतात. रोजचे व्हिडिओ पाठवायला लागलात तर माणसाचं चित्त केंद्रात राहत नाही.

कुत्रा आजारी पडला तर सांगायचं का? मी गोचीडताप लगेच सांगितला नाही. समुपदेशकांना सांगितला आणि कधी सांगायचं ते त्यांच्यावर सोडलं. बरा झाल्यावर त्यांनी दादाला गटात सगळं सांगितलं, आणि तो चिडला तेव्हा त्या चिडण्यावर बोलायला तिथं माणसं होती. खोटं मात्र बोलू नका. “मस्त आहे” म्हणून नंतर उघडं पडलं तर त्या घरात विश्वास आधीच इतका पातळ असतो की तो पुन्हा भरून निघत नाही.

जनावर दगावलं तरी नियम तोच. आधी समुपदेशक, मग त्यांच्यासमोर नातेवाइकानं स्वतः, समोरासमोर. फोनवर नाही आणि घरी नेण्याच्या दिवशी रिक्षात तर नाहीच. पट्टा, बिल्ला जपून ठेवा. कुठं पुरलं किंवा कुठल्या दहनगृहात नेलं ते लिहून ठेवा, तो विचारणारच.

“प्यायलास तर कुत्रा देऊन टाकीन,” ही धमकी कुणाच्याही कामाची नाही. मीही ती दोनदा दिली होती. दादा दोन्ही वेळा प्यायला, आणि कुत्रा काही मी दिला नाही.

मांजर, मासे, पोपट

मांजर शक्यतो हलवू नका. ते जागेचं असतं. दिवसातून दोनदा जाऊन अन्न-पाणी, वाळूचा ट्रे, आणि दहा मिनिटं नुसतं बसणं. दोन गोष्टींत उशीर करू नका. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि मांजरानं दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतावर बेतू शकतं, विशेषतः लठ्ठ मांजराच्या.

माशांना उपाशी राहून मरण क्वचितच येतं, जास्त खाऊ घातल्यानं येतं. रोजचं अन्न चिमटीनं मोजून कागदाच्या पुड्या बांधून ठेवा आणि डबा उचलून न्या.

पोपटाचं जरा अवघड आहे. पिंजऱ्यातला देशी पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं पाळताच येत नाही, त्यामुळं तो कुणाकडे सोपवलात तर त्यालाही गोत्यात आणता. खिडकी उघडून सोडणं हे पुण्यकर्म नव्हे, माणसाळलेला पोपट दोन दिवसांत कावळ्यांच्या तावडीत सापडतो. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर बोला.

गोठा

गावाकडच्या घरात प्रश्न कुत्र्याचा नसतो, म्हशीचा असतो. आणि तिथं “कोण बघणार?” हा बहाणा नसतोच. धार काढणारा हात बदलला की म्हैस दूध चोरते. म्हणून जो काढणार आहे त्यानं आठवडाभर आधीपासून धारेच्या वेळी शेजारी बसायचं, आंबोण त्याच्या हातानं घालायची, मग एक वेळ त्यानं, एक वेळ मालकानं काढायची. गाभण जनावरांच्या तारखा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, लाळ्या-खुरकूत आणि लंपीची लस कधी झाली, हे सगळं वहीत. जनावर अडलं तर १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा फोन लागतो.

दुधाच्या बिलाचं आधी बोलून घ्या. डेअरीचे पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात, आणि पेंडीचं बिल मात्र सांभाळणाऱ्याच्या नावावर चढतं. ते पस्तीस दिवस पैसे कुणाकडे जाणार, हे डेअरीवर सांगून ठेवा. उपचाराच्या खर्चासाठी शेळी विकायची असेल तर मालक घरी असताना, त्याला विचारून विका. त्याच्या मागं विकलेली शेळी तो परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी भांडणाचं कारण होते.

सुगीत, वेताच्या दिवसांत माणूस महिनाभर हलूच शकत नसेल, तर गावाजवळ काही उपचार मिळतात का ते पाहा. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ तालुक्याच्या क्लिनिकमधून आणि गावातल्या शिबिरांतून व्यसनाचे उपचार देतं. प्रत्येक जिल्ह्यात अशी सोय नाही.

परत आल्यावर

केंद्राच्या फाटकाशी कुत्रा घेऊन जाऊ नका. तिथं निरोप चाललेले असतात, माणूस आधीच भरून आलेला असतो, गाड्या येत-जात असतात. घरी, शांतपणे, पट्ट्यात भेट करवा. मला वाटलं होतं खंड्या झेप घेईल. त्यानं दादाची बोटं हुंगली, मग तोंड, मग पुन्हा बोटं, बराच वेळ. नेहमीचा वास नव्हता. शेपटी हलायला मिनिटभर तरी गेलं. दादाला ते लागलं. आधीच सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

आता ते जादाचे पंधरा दिवस. परतलेल्या माणसाला झोप नीट नसते, फॉलोअपला जायचं असतं, संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या गटाच्या मीटिंगा असतात. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळचा फेरा त्याच्याकडे द्या. दुसऱ्या आठवड्यात जेवण. रात्री कुत्रा त्याच्याकडे, पण औषधं आणि डॉक्टर अजून तुमच्याकडे. सकाळी साडेसहाला कुणीतरी पट्टा तोंडात धरून उभं असणं फार कामाचं असतं, पण कुत्र्याला उपचाराचं यंत्र समजू नका. आणि फिरण्याचा रस्ता बदला. जुन्या रस्त्यावर खंड्या सवयीनं बारच्या पायरीशी जाऊन बसला होता.

केंद्रातून गोळ्या दिल्या असतील तर त्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीच्या वर ठेवा.

परत देऊच नये असं केव्हा

माणसानं नशेत जनावराला मारलं असेल, पाय मोडला असेल, दिवसचे दिवस कोंडून उपाशी ठेवलं असेल, तर “आता तो सुधारलाय” एवढ्यावर जनावर परत देऊ नका. समुपदेशकांसमोर सरळ सांगा: वर्षभर ते आमच्याकडे राहील, तू भेटायला ये. आमच्या गटातल्या एकाची मांजर अशीच त्याच्या बहिणीकडे आहे. तो रविवारी जातो, तिच्यासाठी सुकट घेऊन. मांजर पलंगाखालून बाहेर येते ती तो गेल्यावर, पण सुकट संपलेली असते.

स्लिप झाली, म्हणजे माणूस पुन्हा प्यायला, तर

होऊ शकते. त्या वेळी जनावराचं काय, हे पहिल्या चांगल्या महिन्यातच त्याच्याशी बोलून ठरवा. आमचं असं ठरलंय: दादानं किंवा शेजारच्या कुलकर्णी काकूंनी नुसता “खंड्या” एवढा एक शब्द मेसेज केला की मी जाऊन कुत्रा उचलायचा. त्या रात्री प्रश्न नाहीत, भांडण नाही, बाकीचं दुसऱ्या दिवशी सकाळी. घराची एक किल्ली माझ्याकडे आहे. माझ्या गॅलरीत एक जास्तीचा पट्टा, दोन किलो खाऊ आणि ते गोणपाट कायम असतं.

तो मेसेज आजवर एकदा आला, मार्चमध्ये, रात्री पावणेबाराला. दादानं स्वतः पाठवला होता. मी पोचले तेव्हा खंड्या जिन्यात बसला होता, गळ्यात पट्टा घातलेला, आणि पट्ट्याला रबरबँडनं अडकवलेलं लसीकरणाचं पुस्तक.